तुझा कोण लागत होता?

रस्त्यावर अपघात होतो, माणूस जागच्या जागी जातो. पोलीस येतात, पंचनामा होतो, बघ्यांची गर्दी पांगते. त्या गर्दीतला एखादा जण रात्री घरी भरल्या ताटावरून उठतो. आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे.

माझ्याकडे समुपदेशनासाठी एक बाई आल्या होत्या, बँकेत नोकरी करणाऱ्या. सिग्नल सुटला आणि त्यांच्या पुढचा दुचाकीवरचा मुलगा ट्रकच्या चाकाखाली गेला. रक्ताबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. डोळ्यांसमोरून हलत नव्हता तो त्याचा डबा. दुभाजकापर्यंत घरंगळत गेलेला, झाकण उडालेलं, शेजारी पोळी आणि भेंडीची भाजी सांडलेली. त्यांना भेंडी चिरवेना. ट्रकच्या ब्रेकचा फुसकारा ऐकला की हातपाय गळून जात. सासूबाईंनी दृष्ट काढली. नवरा म्हणाला, ‘‘तो तुझा कोण लागत होता? किती मनाला लावून घेशील!’’

विचारणाऱ्याच्या पोटात मायाच असते, पण ऐकणाऱ्याचं तोंड त्याने मिटतं. आपल्याकडे दुःखाला नातं लागतं. सुतक भावकीला, भेटायला जायचं ते ओळखीच्या घरी. परक्या माणसासाठी रडायला आपण जागाच ठेवलेली नाही, आणि हे मला फार जाचतं. ज्याने एखाद्याचा शेवटचा क्षण पाहिला, त्याचा त्या मरणाशी संबंध नाही असं कसं म्हणायचं? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानसंहितेतही, दुसऱ्यावर ओढवलेला असा प्रसंग समोर उभं राहून पाहणं, हे मानसिक आघाताचं कारण म्हणून स्पष्ट नोंदलेलं आहे.

झोप उडणं, दचकणं, तो रस्ता टाळणं, ‘मी हाक मारली असती तर’ हा विचार पुन्हा पुन्हा येणं, हे सगळं पहिल्या दिवसांत होतंच. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. तोवर घरच्यांनी काय करावं? गरम जेवण द्यावं, जवळ बसावं, तो सांगेल तेवढंच ऐकावं. ‘सगळं सविस्तर सांग, म्हणजे मोकळा होशील’ असा आग्रह कृपा करून धरू नका. पहिल्याच दिवसांत एका बैठकीत सगळं वदवून घेण्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. झोपेसाठी दारूचा घोट किंवा शेजाऱ्याची गोळी तर नकोच. आणि अपघाताचा व्हिडिओ मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नका.

बऱ्याच जणांना पोलिसांची धास्तीही असते. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही भीती तरी मनातून काढून टाका.

त्या बाई पहिल्यांदा एका रविवारी सकाळी, रहदारी नसताना, नवऱ्याच्या मागे बसून त्या चौकातून गेल्या. चौक ओलांडेपर्यंत त्यांनी त्याचा शर्ट घट्ट धरला होता. पुढच्या खेपेला रिक्षाने गेल्या. मग बसने, एकट्या.

महिना उलटूनही तेच चित्र दिसत असेल, कामावर जाणं अशक्य झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलीमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत मिळते, मराठीतूनही. नवऱ्याने फोन लावून दिला तरी चालतो, आईने लावून दिला तरी चालतो.