डोक्याला मार लागला होता का?

(महिला कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



केंद्रावर आलेल्या बाईचा अर्ज लिहून घेताना आपण कितीतरी प्रश्न विचारतो. लग्न कधी झालं, मुलं किती, स्त्रीधन कुणाकडे आहे, पोलिसांत गेली होती का. या यादीत आज मला एका प्रश्नाची भर घालायची आहे: डोक्याला मार लागला होता का?

घरातल्या मारहाणीचे प्रकार आठवून पाहा. केस धरून डोकं भिंतीवर आपटणं, कानाखाली मारणं, डोक्यात लाटणं घालणं, जिन्यावरून ढकलणं, गळा दाबणं. हात मोडला तर प्लॅस्टर घालतात, चार लोकांना ते दिसतं. मेंदूची जखम दिसत नाही. जोराचा धक्का बसला की मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात. रक्त येईलच असं नाही, शुद्ध हरपेलच असंही नाही. सीटी स्कॅनमध्ये कवटीचं मोडलेलं हाड किंवा मोठा रक्तस्राव दिसतो, पण तंतूंची ही इजा अनेकदा दिसत नाही. गळा दाबल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि गळ्यावर वळ न उठताही मेंदूला इजा होऊ शकते.

यानंतर काय होतं? डोकं दुखतं, गरगरतं, गोंगाट सहन होत नाही. नवीन सांगितलेलं लक्षात राहत नाही. दोन कामं एकदम जमत नाहीत. कुणाचा वास घेण्याची शक्तीच जाते. भाजी करपली, गॅस गळतोय, हे तिला कळत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरायला आणि पुढचा विचार करायला लागतो. त्याला मार बसला तर बाई एकदम भडकते, नाहीतर कशातच रस नसल्यासारखी बसून राहते. नैराश्य येतं, धास्ती वाटते, झोप उडते. काहींना फिट येतात, थोड्यांना भास होतात. एकदाच सौम्य मार लागला तर बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं. पण पहिला मार भरून येण्याआधीच दुसरा बसला, आणि वर्षानुवर्षं बसत राहिला, तर?

बॉक्सिंग खेळणाऱ्या पुरुषांबद्दल हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला. अमेरिकेत डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी त्यावर १९२८ मध्ये लिहिलं. मार खाणाऱ्या बायकोच्या मेंदूतही तशीच इजा सापडल्याची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली ती १९९० मध्ये. मध्ये बासष्ट वर्षं गेली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ईव्ह व्हॅलेरा आणि हॉवर्ड बेरेनबाउम यांनी मारहाण सोसलेल्या ९९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ तीन चतुर्थांश जणींच्या मेंदूला जोडीदाराच्या मारहाणीत एकदा तरी इजा झाली होती, निम्म्या जणींच्या मेंदूला एकाहून अधिक वेळा.

आमच्याकडे आलेल्या एका बाईबद्दल सांगते, ओळख पटेल असे तपशील गाळून. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता. कारण दिलं होतं, बायको वेडसर आहे. ती दूध उतू घालवते, मुलावर किंचाळते, सांगितलेलं विसरते. तिच्या जबानीतल्या तारखाही जुळत नव्हत्या. तिच्या थोरल्या बहिणीला मी विचारलं, लग्नाआधी ही कशी होती? बहीण म्हणाली, “ताई, आमच्या दुकानाचा सगळा हिशेब हिच्या तोंडपाठ असायचा.” मग पुढचं विचारत गेलो. विसरणं सुरू झालं ते डोकं चौकटीवर आपटलं त्यानंतर. म्हणजे जी इजा त्याने केली, तीच तो तिला टाकण्याचं कारण म्हणून पुढे करत होता.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. पण त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं की अर्जदाराला स्वतःच्याच गैरकृत्याचा फायदा घेता येणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कुणी ‘वेडी’ ठरत नाही. तसं ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई मागता येते. पण या सगळ्यासाठी मार आणि त्याचे परिणाम कागदावर यायला हवेत.

म्हणून प्रश्न साध्या शब्दांत विचारा. डोक्यात मारलं का? डोळ्यांपुढे काजवे चमकले, अंधारी आली? मधलं काही आठवत नाही, असं झालं? गळा दाबला का, तेव्हा कपडे ओले झाले होते का? उत्तरं तिच्याच शब्दांत लिहा, डीआयआरमध्ये घाला. डॉक्टरांच्या कागदावर ‘पडून लागलं’ असं जाऊ देऊ नका. डोकेदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील, गुंगी किंवा फिट येत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. एरवीही मेंदूविकाराच्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. नैराश्य मारामुळे की भीतीमुळे, हे आपण ठरवू नये. बहुधा दोन्ही एकत्र असतात आणि दोन्हींवर उपचार आहेत.

आपल्या कामाची रीतही थोडी बदलावी लागेल. दोन तासांची एक बैठक घेण्याऐवजी अर्ध्या तासाच्या चार घ्या. कोर्टाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आदल्या दिवशी आठवण करा. मात्र ती चिठ्ठी नवऱ्याच्या हाती पडणार नाही, हे बघा. तारखा आठवत नसतील तर दिवाळी, पेरणी, मुलाची शाळा यांच्या आधाराने क्रम लावा. क्रम चुकला म्हणून बाई खोटी ठरत नाही, हे वकिलांनाही समजावून सांगा.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, तेव्हा हिंसाचार हा आरोग्याचा प्रश्न आहे हे दवाखान्याच्या आत मान्य झालं. तेच काम आता आपल्या अर्जाच्या कागदापर्यंत आणू या. ‘बाई विसरते, चिडते’ एवढं लिहून थांबू नका. कधीपासून आणि कशानंतर, तेही लिहा.