मृत्यूनंतरची तपासणी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाचा अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाला, की पोलीस पंचनामा करतात आणि प्रेत शवविच्छेदनास जाते. ती कायद्याच्या अंमलाची बाब असल्यामुळे तेथे नातलगांच्या मर्जीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु तापाने फणफणून, झटके येऊन, एकदोन दिवसांत दगावलेल्या लेकराच्या देहाची तपासणी केवळ रोगाचा उलगडा व्हावा म्हणून करावयाची, तर ती आईबापांच्या राजीखुशीवाचून होऊ शकत नाही, आणि त्यांच्यापुढे तो विषय काढण्याचे अवघड काम सहसा कोणी अंगावर घेत नाही.

अशी तपासणी किती मोलाची ठरते, याचे एक उदाहरण पाहा. 2003 सालच्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात 329 मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतील 183 मृत्युमुखी पडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांना रुग्णांच्या नमुन्यांत जो विषाणू सापडला, तो परका नव्हता. नागपुराकडील चांदिपुरा येथे 1965 साली तापाच्या रोग्यांच्या रक्तात तो प्रथम आढळला होता आणि त्याचे नावही त्या गावावरूनच पडले होते. तथापि, रक्तात विषाणू मिळाला एवढ्यावरून तोच मृत्यूचे कारण ठरत नाही. एका मृत बालकाच्या मेंदूच्या ऊतकात त्याच विषाणूचे प्रतिजन आणि जनुकद्रव्य ही दोन्ही मिळाली, तेव्हा त्या अनुमानाला भक्कम आधार लाभला. आणि त्या बालकाच्या आप्तांचे ऋण आपण कोणीही मानलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता अशा तपासणीसाठी देह उघडावा लागतोच असे नाही. जाड सुईने यकृत, फुप्फुस व मेंदू यांचे बारीक तुकडे काढता येतात आणि चेहरा विद्रूप होत नाही. काही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. परंतु फॉर्मॅलिनने विषाणू मरतो, म्हणून त्याच्या शोधासाठी वेगळे तुकडे निर्जंतुक कुपीत, बर्फावर पाठवावे लागतात, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात हे काम मृत्यूनंतर जितके लवकर होईल तितके बरे.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना माझी विनंती अशी, की त्यांनी या तपासणीची परवानगी आईबापांकडे स्वतः, बसून, घरच्या बोलीत मागावी, अहवाल आल्यावर तो त्या घरी पोहोचवावा, आणि कोणी नकार दिला, तर तो निमूटपणे मान्य करावा.