डिस्क विचारते का, तू कोण? : नेकनूरच्या स्टुडिओतला धडा

नेकनूरहून बोलतोय. आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. लग्नाच्या शूटिंगमधूनच सांगतो.

आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. दोन कॉम्प्युटरवर मिक्सिंग चालतं. डेटा सगळा नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या हार्ड डिस्कच्या डब्यात. त्यातला मोठा भाग मी पहिल्या कॉम्प्युटरला आय-स्कझीने जोडला होता. हे शेअर फोल्डरसारखं नाही, बरं का. आय-स्कझीत कॉम्प्युटरला वाटतं, ही डिस्क माझ्याच आत बसवलेली आहे.

मागच्या सीझनला नवीन पोरगा कामाला आला. त्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नॅस शोधला, कनेक्ट दाबलं, डिस्क दिसली. पासवर्ड विचारलाच नाही. मग आम्ही दोघं एकाच डिस्कवर लिहीत बसलो. शेअर फोल्डर असता तर दोघांचं लिहिणं नॅसने सांभाळलं असतं. इथं मात्र दोन्ही कॉम्प्युटर स्वतःलाच एकटा मालक समजत होते. दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडेनात. हळदीचं अख्खं शूट गेलं. कॅमेऱ्याची कार्डं मी आदल्या रात्रीच फॉरमॅट केली होती.

नवरीच्या वडिलांकडे गेलो. म्हणालो, "काका, हळदीचं शूटिंग गेलं. पैसे परत घ्या." ते म्हणाले, "पैशाचं राहू दे बाबा. हळद काय परत लागती का?"

आधी पोरावर चिडलो होतो. मग नॅसची सेटिंग उघडली आणि गप्प बसलो. दार मीच उघडं ठेवलं होतं.

आता तुम्ही काय बघायचं, ते सांगतो. ॲडमिन पेजवर आय-स्कझीचा भाग उघडा, आपलं टार्गेट निवडा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, परवानगी कोणाला आहे? तिथं 'सगळ्यांना' असेल तर नेटवर्कमधला कुणीही आत येतो. प्रत्येक कॉम्प्युटरला आयक्यूएन नावाची ओळख असते, तिची यादी करता येते. पण ते नुसतं नाव आहे, कुणीही टाइप करू शकतो. बाजारात कुणीही म्हणेल, मी अमक्याचा पोरगा, उधारी द्या. तेवढ्यावर कोण देतं?

म्हणून दुसरी गोष्ट, चॅप चालू आहे का? चॅपमध्ये नॅस दर वेळी नवा आकडा पाठवतो. कॉम्प्युटर त्या आकड्याचा आणि गुप्त पासवर्डचा हिशोब करून उत्तर देतो. पासवर्ड वायरवरून जातच नाही. दुतर्फी चॅप असेल तर नॅसलाही आपली ओळख पटवावी लागते. सेटिंगमध्ये पासवर्डच्या जागी ठिपके दिसतील, ते बरोबरच आहे.

तिसरी, आत्ता कोणकोण जोडलेलं आहे? अनोळखी नाव दिसलं तर आधी ते शोधा.

मोठ्या कंपनीत काम करणाऱ्यांसाठी एक सांगतो. नेटॲपच्या सिस्टीमवर 'व्हीसर्व्हर आयस्कझी सिक्युरिटी शो' ही कमांड हेच दाखवते. तिथं 'नन' आलं, तर ओळख विचारलीच जात नाही.

ही चूक माझ्यासारख्याच करतात असं नाही. 2019 च्या मार्चअखेरीस झेडडीनेटने बातमी दिली होती, की पासवर्ड नसलेले 13,000 हून जास्त आय-स्कझी स्टोरेज थेट इंटरनेटवर उघडे सापडले. म्हणून राउटरवर 3260 नंबरचा पोर्ट बाहेर उघडू नका.

सेटिंग नुसती बघायला काही धोका नाही, बदलताना मात्र सांभाळा. चॅप चालू केलं की चालू कनेक्शन बहुधा तसंच राहतं, आणि रीस्टार्ट झाल्यावर कॉम्प्युटर बाहेर पडतो. म्हणून आधी काम थांबवा, मग दोन्हीकडे तोच पासवर्ड टाका. विंडोजला तो 12 ते 16 अक्षरांचा लागतो. आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला तोच पासवर्ड देऊ नका, नाहीतर पुन्हा माझ्यासारखंच होईल. चॅप डेटा लपवत नाही, फक्त ओळख तपासतं, हेही लक्षात ठेवा.

आता आमच्याकडे नियम आहे. दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. तो पोरगा अजून आमच्याकडेच आहे. दर सोमवारी सकाळी ही तीन सेटिंग तोच बघतो.

तुमच्या ऑफिसात, दुकानात नॅस असेल तर आजच उघडून बघा. भेटू पुढच्या भागात.