डोंगल लावलंय, मग नेट का नाही?

कळंबहून एकाने विचारलंय: लिनक्सच्या लॅपटॉपला डोंगल लावलं, रेंज फुल, पण नेट नाही. उद्या पीक विम्याची शेवटची तारीख.

बघा, डोंगलला दोन वाटा असतात. एक डेटाची. ती कर्नल सांभाळतो, एक नेटवर्क इंटरफेस उभा करतो. दुसरी हुकुमाची: पिन घे, अमुक एपीएनला जोड. कर्नल इथे नुसता पोर्ट उघडून देतो. मॉडेमशी बोलतो तो यूजर स्पेसमधला मॉडेममॅनेजर. पूर्वी कुठला पोर्ट कुठल्या मॉडेमचा, हे हुडकत बसावं लागायचं. 2021 मध्ये कर्नल 5.13 मध्ये त्यासाठी सामाईक चौकट आली. आपल्याकडची जुनी यूएसबी डोंगलं मात्र बहुतेक जुन्याच ड्रायव्हरवर चालतात. काही तर आधी सीडी बनूनच समोर येतात, बोला! त्यांना यूएसबी-मोडस्विच लागतं.

तर 'आयपी लिंक' कमांड द्या. दोन डब्ल्यूंनी सुरू होणारं नाव दिसलं, तर कर्नलने बहुधा आपलं काम केलंय, एपीएन तपासा. नाहीच दिसलं, तर मोडस्विच बघा.

आणि दादा, आज फोनचा हॉटस्पॉट लावून आधी फॉर्म भरा. डोंगलचं परवा बघू.