ओलीला तारीख घाला

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त १ ऑक्टोबर २०२५ रोजी सोसायटीच्या सभागृहात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण त्यांच्या संमतीने येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आनंदी जीवन’. सेक्रेटरींना विचारून मी तो जरा बदलून घेतला आहे. मी आज प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहे. माझ्याच.

२०१४ साली बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी माझं ऑपरेशन झालं, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. अकरा वर्षांनी तो बहुधा परत आलाय, हे मात्र घराबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. आज सांगतो.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी गाठ, म्हणजे ग्रंथी. ती पीएसए नावाचं एक प्रथिन तयार करते आणि ते रक्तात मोजता येतं. ग्रंथी जागेवर असताना हा आकडा वयानं, सुजेनं, जंतुसंसर्गानंही वाढतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून घाबरायचं नसतं. पण माझी ग्रंथीच काढून टाकलेली. मग काही आठवड्यांत आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा आणि तिथंच राहायला हवा. तो पुन्हा दिसू लागला, तर कुठंतरी काही पेशी शिल्लक आहेत, असा संशय घ्यावा लागतो. अमेरिकेत १९८६ साली या तपासणीला पहिली मान्यता मिळाली, ती मुळी अशी नजर ठेवण्यासाठीच.

ऑपरेशननंतरचे पहिले सहा महिने मी सोसायटीच्या एकाही मीटिंगला आलो नव्हतो. गुडघे दुखतात असं सांगितलं. गुडघे ठणठणीत होते. लघवीवर ताबा नव्हता, पॅड लावावे लागत होते. शिंक आली तरी धसका. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम करून हळूहळू सुधारणा झाली. संसाराची दुसरी एक बाजू असते, तिच्यावरही परिणाम झाला. तो आम्ही दोघांनी स्वीकारला. याहून जास्त माइकवर सांगत नाही, पण ज्यांना विचारायचं असेल त्यांनी घरी यावं, सांगेन.

त्यानंतर दहा वर्षं तपासणीत एकच उत्तर यायचं : ०.१ पेक्षा कमी. रिपोर्ट घेऊन येताना मी नाक्यावरून पाव किलो पेढे आणायचो. शाळेत पास झाल्यासारखं वाटायचं.

जुलै २०२४ मध्ये आकडा आला ०.११. म्हटलं, लॅबची चूक असेल. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा, लॅब बदलली की आकड्यात फरक पडतो. जानेवारीत ०.१५ आला. घरी सांगितलं, ‘सगळं ठीक आहे.’ रिपोर्ट मेंटेनन्सच्या पावत्यांच्या फायलीत खाली सरकवून ठेवला.

फेब्रुवारीत हिनं ती फाइल माझ्यासमोर आणून ठेवली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “जुलैत पेढे आले नाहीत, तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते.”

सात महिने! दोन खोल्यांच्या घरात सात महिने मी एकटा घाबरत होतो आणि ही स्वयंपाकघरात एकटी घाबरत होती. एकमेकांना त्रास नको म्हणून. मी तेहतीस वर्षं बँकेत हिशेब जुळवले, पण इतका चुकीचा हिशेब कधी केला नव्हता.

यंदा जुलैत आकडा ०.२२ आला. महिन्याने खात्रीसाठी पुन्हा तपासणी केली, तर ०.२३. ऑपरेशननंतर आकडा ०.२ किंवा त्याहून जास्त आला आणि दुसऱ्या तपासणीतही तेच दिसलं, तर साधारणपणे रोग परतला असं धरतात.

आता २०१८ साल आठवा. मी खजिनदार होतो. बी विंगच्या सातव्या मजल्यावर छताला ओल आली. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, सगळी गच्ची उकरा. दुसरा म्हणाला, रंग मारा, दिसणार नाही. आपण नेमलेल्या इंजिनिअरनं काय केलं? पेन्सिलनं ओलीभोवती रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. म्हणाला, ओल किती आहे यापेक्षा ती किती वेगानं पसरतेय ते आधी बघू.

डॉक्टरांनी मला हेच समजावलं. आकडा दुप्पट व्हायला किती काळ लागतो, हे महत्त्वाचं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधली, १९९९ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी पाहणी आहे. ऑपरेशन झालेले जवळपास दोन हजार रुग्ण, त्यांतल्या सुमारे पंधरा टक्क्यांचा पीएसए पुन्हा वर गेला. लगेच उपचार न करता त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर तोपर्यंत सुमारे एक तृतीयांश जणांमध्येच रोग शरीरात दूर पसरलेला दिसला. आकडा वाढल्यापासून तिथपर्यंतचा मध्यम काळ आठ वर्षांचा निघाला. ज्यांचा आकडा दहा महिन्यांच्या आत दुप्पट होत होता, त्यांना धोका जास्त. माझा दुप्पट व्हायला साधारण वर्ष लागलं. म्हणजे आजच गच्ची उकरायची घाई नाही, पण रंग मारूनही चालणार नाही.

पीएसएमए पेट स्कॅन केला. त्यात काही दिसलं नाही. मी खूश झालो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, इतक्या कमी आकड्याला स्कॅन बऱ्याचदा कोराच येतो, त्याचा अर्थ रोग नाही असा नव्हे. पुढे दोन रस्ते होते. एक, थांबून लक्ष ठेवायचं. वय खूप झालेलं असेल आणि आकडा रेंगाळत वाढत असेल, तर तेही शहाणपणाचंच. दुसरा, ग्रंथी होती त्या जागी रेडिएशन. आकडा लहान असतानाच ते घेतलं तर गुण येण्याची शक्यता जास्त. पण लघवीची जळजळ, शौचाची घाई, सुधारलेला ताबा पुन्हा सैल होण्याची भीती, हेही आहेच. आम्ही दोघं आणि व्हिडिओ कॉलवर मुलगा, असे तीन रविवार बसलो. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, तब्येत बाकी बरी आहे. रेडिएशन घ्यायचं ठरवलं.

रात्री तीनला जाग येते. आधी मी मोबाइल उघडून वाचत बसायचो, सकाळपर्यंत माझा अंत्यविधी आटोपलेला असायचा. आता सगळे आकडे एका वहीत आहेत आणि वही हिच्या कपाटात. ती तपासणीच्या दिवशी आणि डॉक्टरांकडे जाताना उघडायची, एरवी नाही. जाग आली की हिला उठवतो. चहा करतो. मग दोघंही जागे राहतो, पण निदान एका खोलीत.

तुमच्याकडे थोडं मागणं आहे. व्हॉट्सअॅपवर कारल्याचा रस आणि भोपळ्याच्या बिया पाठवू नका, माझ्याकडे साठा झाला आहे. लिफ्टमध्ये मला बघून गप्प होऊ नका. “आज कितवं?” एवढं विचारलंत तरी पुरे. एकूण तेहतीस वेळा जायचंय, आठवड्यातून पाच दिवस, दिवाळीची सुट्टी धरून नोव्हेंबर अखेरपर्यंत. आतडी रिकामी आणि मूत्राशय पाण्यानं भरलेलं ठेवून जायचं असतं, त्यामुळे रिक्षावाल्याला खड्डे चुकवता आले पाहिजेत. ए विंगमधल्या तिघांनी गाडीची पाळी लावून घेतली आहे. मी आधी नको म्हणत होतो. हिनं परस्पर हो सांगून टाकलं.

आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना सांगतो, पीएसए करावी का, हे आपल्या डॉक्टरांना एकदा विचारा. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर पन्नाशीचीही वाट बघू नका. सुरुवातीला याचं लक्षण बहुतेक वेळा काहीच नसतं. मला काहीच होत नव्हतं. आणि जो रिपोर्ट येईल, तो त्याच दिवशी घरी दाखवा.

उद्या दसरा. पंचवीस वर्षांपूर्वी दसऱ्यालाच आपण सगळे ताबा घ्यायला आलो होतो, लिफ्ट नव्हती, पाणी टँकरचं होतं. सोमवारी सकाळी माझा पहिला दिवस आहे. त्याच रात्री गच्चीवर कोजागिरी. मी येणार आहे. मधूनच उठून खाली गेलो, तर गुडघे दुखतात असं समजू नका.