बँडवर बसणारी चाल

विद्यार्थ्यांना करिअरविषयी मार्गदर्शन करावं, असं निमंत्रणातच लिहिलं होतं. वसमत तालुक्यातल्या त्या शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी शाल-श्रीफळ बाजूला ठेवलं, माइक हाती घेतला आणि ते थेट दहावीच्या पत्र्याच्या वर्गात शिरले. पाऊस आला की पत्रे असे वाजायचे, की गणित बंद आणि गाणी सुरू! त्याच वर्गातून निघून ते संगीतशिक्षक झाले.

मार्गदर्शन तिथंच राहिलं. पाहुणे राष्ट्रगीताच्या चालीवर घसरले.

१९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढलं, त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. वसमतचा हा हिंगोली परिसरही तेव्हा निजामाच्याच राज्यात. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीत निवडतानाचा वाद नुसत्या शब्दांचा नव्हता, चालीचाही होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी 'जन गण मन' वाद्यवृंदावर वाजलं आणि वाहवा मिळवून गेलं. टागोरांच्या या चालीचं स्वरलेखन १९१९ मध्येच मदनपल्लीला मार्गारेट कझिन्स यांच्या मदतीनं झालं होतं. उलट 'वंदे मातरम्' बँडवर बसत नाही, असा आक्षेप निघाला.

तो मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांना झोंबला. आळंदीचा जन्म, भास्करबुवा बखल्यांची तालीम, प्रभातच्या 'माणूस' आणि 'शेजारी' या चित्रपटांचं संगीत. असा माणूस गप्प कसा बसेल? झिंझोटी रागातली आपली चाल त्यांनी बँडवर बसवून घेतली आणि थेट नेहरूंपर्यंत नेली. २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान दिला.

झिंझोटीचे स्वर मात्र दोन ओळींतच आटोपले. कारण पाहुण्यांना खरं बोलायचं होतं ते पेन ड्राइव्हबद्दल. "सकाळी स्पीकरवर राष्ट्रगीत लावता आणि पोरं ओठ मिटून उभी! अरे, ५२ सेकंद लागतात. तेवढंही गळ्यानं म्हणवत नाही?" हे त्यांनी तीनदा सांगितलं, दर वेळी आवाज चढवून. पोरांना करिअर नको होतं आणि रागही नको होता, पण हे वाक्य त्यांनी टाळ्यांनी उचलून धरलं.

मग मोर्चा पहिल्या रांगेकडे वळला. "गुरुजी, तुम्ही सूर चुकला म्हणून मला बाकावर उभं केलं होतं. आठवतं का?" निवृत्त गुरुजींनी कानामागे हात धरला. मग सरपंचांची पाळी आली. शाळेच्या पेटीचा भाता फाटलाय, तो कधी दुरुस्त होणार? सरपंचांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे. विंगेत कोळीनृत्याच्या मुली केव्हाच तयार होत्या.