काळ्या भिंतींचे रसायन

धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून हिंडणाऱ्या प्रवाशाला शेतांमधून आणि माळांवरून, साधारणपणे पूर्व-पश्चिम धावणाऱ्या, काळ्या दगडांच्या अरुंद टेकड्या दिसतात. त्यांपैकी काही कित्येक मैल इतक्या सरळ जातात की, एखाद्या विस्मृत राजाची ती ढासळलेली तटबंदी असावी असे वाटते. परंतु या भिंतींना माणसाचा हात लागलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. त्या काळात जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांतून शिलारस वर चढला आणि भेगांतच थिजला. पुढे सभोवतालचा खडक झिजून गेला. हा चिवट खडक मात्र उभा राहिला. भूगर्भशास्त्रात अशा खडकाला ‘भित्ती’ म्हणतात. शिलारस दोन थरांच्या मध्ये आडवा शिरून थिजला, तर त्याला ‘शिलापट्ट’ हे नाव मिळते.

एकाच घटनेचा शिलारस तीन ठिकाणी थिजला तर त्याचे तीन खडक होतात. पृष्ठभागावर तो लवकर निवतो आणि बारीक कणांचा बेसाल्ट होतो. खूप खोलवर तो अतिशय सावकाश निवतो आणि मोठ्या स्फटिकांचा गॅब्रो होतो. या दोहोंच्या मध्ये, उथळ भेगांत थिजलेला खडक म्हणजे डोलेराइट होय. खानदेशातील बहुतेक भित्ती याच जातीच्या आहेत. अशा खडकाचे रासायनिक पृथक्करण केले, तर शंभर भागांत सिलिका सुमारे ४८ ते ५० भाग, ॲल्युमिना १३ ते १५, लोहाची ऑक्साइडे १२ ते १५, चुना १० च्या आसपास आणि मॅग्नेशिया ५ ते ७ भाग आढळते. उरलेल्या अल्पांशात मुख्यत्वे टिटॅनियम, सोडा आणि पोटॅश असतात.

ही द्रव्ये खडकात सुटी नसतात. ती खनिजांच्या रूपाने बांधलेली असतात. चुना, सोडा, ॲल्युमिना आणि सिलिका मिळून प्लॅजिओक्लेज नावाचे फिकट रंगाचे फेल्स्पार बनते. चुना, मॅग्नेशिया, लोह आणि सिलिका यांपासून काळसर ऑजाइट तयार होते. उरलेले लोह आणि टिटॅनियम मॅग्नेटाइट व इल्मेनाइट या अपारदर्शक खनिजांत जाते. डोलेराइटचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर ऑजाइटच्या मोठ्या स्फटिकांत फेल्स्पारच्या लांबट कांड्या रुतून बसलेल्या दिसतात. कण एकमेकांत असे गुंतल्यामुळेच हा दगड सहजासहजी फुटत नाही.

भिंतीची कड आणि तिचा मध्यभाग यांत मात्र फरक असतो. थंड खडकाला टेकलेली कड तत्काळ थिजते. तेथील कण डोळ्यांना दिसतही नाहीत, क्वचित ती काचेसारखी असते. रुंद भिंतीचा मध्यभाग पुष्कळ काळ तप्त राहतो. अशा निवणाऱ्या शिलारसात काय घडते, याची उपपत्ती नॉर्मन बोवेन या शास्त्रज्ञाने १९२८ साली आपल्या ग्रंथात मांडली. ऑलिव्हीन आणि चुन्याने समृद्ध फेल्स्पार ही खनिजे आधी बाहेर पडतात. ती शिलारसापासून वेगळी झाली, की उरलेल्या रसात मॅग्नेशिया व चुना कमी होत जातो आणि सोडा, पोटॅश व बहुधा शेवटी सिलिका यांचे प्रमाण वाढते. म्हणून बेसाल्टी रसाच्या अखेरच्या अंशातून कधी कधी ग्रॅनाइटची आठवण देणारी क्वार्ट्‌झ आणि फेल्स्पार ही जोडी जन्मास येते. कडेला अशा वाटणीस अवसरच मिळत नाही. त्यामुळे शिलारस भेगेत शिरला तेव्हा कसा होता, याची साक्ष बहुधा कडेचा न कुजलेला दगडच देतो.

अशा भित्ती केवळ खानदेशातच आहेत असे नाही. बंगळूरपासून करीमनगरपर्यंतच्या ग्रॅनाइटी प्रदेशातही डोलेराइटच्या भित्ती असून, त्यांतील एका मोठ्या समूहाचे वय सुमारे २३७ कोटी वर्षे ठरले आहे. प्रदेश निराळा, काळ निराळा. परंतु फेल्स्पार आणि पायरोक्सीन गटातील खनिजे ही प्रमुख जोडी तीच आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या ज्ञानाचे मोल पाण्यात आहे. अखंड, घट्ट डोलेराइटमध्ये पाणी शिरण्यास जागा नसते. भूजलाच्या वाहण्याच्या दिशेला अशी भिंत आडवी असली, तर ती जमिनीखालील बंधाऱ्याचे काम करते. मग एका बाजूच्या विहिरीला पाणी राहते आणि पलीकडची विहीर कोरडी पडते. उलट, निवताना आकसून खडकाला तडे गेले असतील, तर तीच भिंत पाण्याची वाट बनते. ऑजाइट आणि फेल्स्पार कुजून झालेली चिकणमाती त्या तड्यांत भरली, तर वाट पुन्हा बुजते. म्हणून भिंत दिसली की तेथे पाणी लागेलच, असा सरसकट नियम सांगता येत नाही. भिंत भेदून खोदलेल्या विहिरीमुळे वरच्या अंगाला साठलेले पाणी खाली निघून जाण्याचाही संभव असतो. मातीखाली दडलेली भिंत शोधण्यास तिच्यातील मॅग्नेटाइट उपयोगी पडते. चुंबकमापक यंत्राला तिचा माग बहुधा लागतो. मात्र ती अखंड आहे की तडकलेली, आणि पाणी तिच्या कोणत्या अंगाला आहे, हे पाहिल्यावाचून कुदळ मारणे म्हणजे गरीब शेतकऱ्याचा पैसा कातळात घालणे होय.